मदत हवी आहे: उद्योजकांचा सल्लागट चौथ्या बैठकीतच ढेपाळला

भोसरीकर
थेट मुद्द्यावर येतो. लघुउद्योजकांचा गट केला आहे. महिन्यातून एकदा बसायचं आणि एकमेकांच्या अडचणींवर बोलायचं, एवढंच. पहिल्या बैठकीला सगळे आले, चौथ्या बैठकीला चार जण. गाडी पेमेंट आणि कामगार यापुढे सरकतच नाही. पुढची बैठक याच गुरुवारी आहे. अजेंड्याचा तयार नमुना कुणाकडे असेल तर टाका, घाई आहे.

सातपूरकर
सगळे म्हणजे किती? धंदे कोणते? बैठक कोण चालवतं? वर्गणी आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भोसरीकर
तेरा जण. सगळे एमआयडीसीतलेच. वर्गणी नाही, ज्याच्या कारखान्यात बैठक तो चहा-नाश्त्याचं बघतो. अजेंडा मिळेल का?

ताळेबंद
तेरा फार झाले. प्रत्येकाने चारच मिनिटं महिन्याची खबर दिली तरी 52 मिनिटं गेली, आणि खऱ्या प्रश्नाला हात लागायच्या आत लोक घड्याळ बघायला लागतात. आठवर थांबा. सहाच्या खाली जाऊ नका, दोघं आले नाहीत की बैठक बसते.

आठ जणांसाठी तीन तास असे लावा. पहिली 15 मिनिटं मागच्या वेळी कबूल केलेल्या कामांची, झालं की नाही एवढंच. मग खबर, 32 मिनिटं. नंतर दोनच प्रश्न, प्रत्येकी 50 मिनिटं: दहा मिनिटं मांडणी, बारा मिनिटं बाकीच्यांचे फक्त प्रश्न, सात जणांना तीन-तीन मिनिटं, उरलेल्या सात मिनिटांत ज्याचा प्रश्न त्याने काय करणार आणि कुठल्या तारखेला ते सांगायचं. चहा दोन प्रश्नांच्या मध्ये. आधी दिलात की बैठक चहातच जाते.

प्रश्न आदल्या सोमवारी लेखी घ्या. "विक्री वाढत नाही" हा प्रश्न नव्हे. "70 टक्के विक्री एकाच पार्टीला आहे, ती आता 90 दिवसांची उधारी मागतेय, हो म्हणू की नको" हा प्रश्न. सोबत एक पान: मागच्या महिन्याची विक्री, हातातल्या ऑर्डरी, येणी, बँकेतली शिल्लक, पगाराचा आकडा. हे पान बैठक संपली की ज्याचं त्याने परत न्यायचं.

जुना_जॉबवर्कर
90 दिवस मान्यच करू नका! सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर नाही, करार नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तेही मासिक. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

ताळेबंद
जॉबवर्करसाहेब, ते उदाहरण होतं. आणि कायदा त्या सभासदालाही ठाऊक असतो. 70 टक्के विक्री हातची जाईल या धास्तीने तो तक्रार करत नाही. दुसरी पार्टी उभी राहीपर्यंत सहा महिने कसे काढायचे, हे त्याला गटाकडून हवं असतं.

नाना_चाकण
बैठक चालवायला बाहेरचा सूत्रधार आणा आणि त्याला मानधन द्या. अमेरिकेत मिलवॉकीला 1957 मध्ये सुरू झालेली व्हिस्टेज ही उद्योजक-गटांची संस्था आजही याच पद्धतीने चालते. फुकटच्या गोष्टीला कुणी वेळ पाळत नाही.

अनघा_पॅकेजिंग
नाना, हे पटत नाही. वायपीओ 1950 ची, ईओ 1987 ची, उद्योजकांच्याच या संघटना, दोन्हीकडे गट सभासदच चालवतात. मानधनाचा सूत्रधार आला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, एकमेकांकडे नाही. सभासदांतलाच एक जण पूर्ण वर्षासाठी नेमा, दर महिन्याला बदलू नका. हातात टायमर असावा, आणि ज्या दिवशी त्याचा स्वतःचा प्रश्न असेल त्या दिवशी टायमर दुसऱ्याकडे.
वर्गणी मात्र घ्याच, वर्षाची आगाऊ. लागोपाठ दोनदा गैरहजर तर जागा गेली, हे पहिल्याच दिवशी लिहून सह्या घ्या. "तू असं कर" म्हणायला बंदी. "अशा वेळी आमच्याकडे हे केलं आणि हे झालं" एवढंच बोलायचं. सल्ला दिला की समोरचा बचावात जातो आणि पुढच्या महिन्यात खरं सांगत नाही.

रेफरलवाला
एका व्यवसायाचा एकच सभासद घ्या, दर आठवड्याला सकाळी सातला भेटा आणि प्रत्येकाने एक तरी रेफरल, म्हणजे दुसऱ्या सभासदासाठी गिऱ्हाईक, आणायचा. कामं मिळाली की हजेरी आपोआप वाढते.

अनघा_पॅकेजिंग
तो गट वेगळा, त्याचा उपयोगही वेगळा. ज्याच्याकडून काम हवं आहे त्याच्यासमोर आपला पगार थकलाय हे कोण सांगेल?

सातपूरकर
पण एका व्यवसायाचा एकच, हे बरोबर आहे. भोसरीकर, "सगळे एमआयडीसीतलेच" हे उत्तर नाही. एकाच धंद्यातले किती?

भोसरीकर
पाच जण सीएनसी मशिनिंगवाले (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग करणारे). त्यातले तिघं एकाच कंपनीला कोटेशन देतात. एक जण कर्ज आणि विम्याचं काम करतो, त्याने बऱ्याच लोकांना आणलं. पण प्रश्न अजेंड्याचा होता.

सातपूरकर
दादा, दुखणं इथे आहे. समोर स्पर्धक बसला असताना मशीनचा तासाचा दर किंवा रिजेक्शनचा (नापास मालाचा) आकडा कोण काढेल? म्हणून सगळे पेमेंट आणि कामगारांवर बोलतात, त्यात कुणाचं काही उघडं पडत नाही. दुसरं, तिघांनी मिळून दर ठरवल्यासारखं दिसलं तर स्पर्धा कायदा 2002, कलम 3 आड येतं. दराची चर्चा आजच बंद करा.
मशिनिंगवाल्यांपैकी एकच ठेवा. विमावाल्याला गटात नको, वर्षातून एकदा पाहुणा म्हणून बोलवा. तेराच्या ग्रुपवर काही टाकू नका, प्रत्येकाला फोन करा.

कोल्हापूरकर
गुरुवार तुमच्याकडे कारखान्यांच्या सुट्टीचा म्हणून ठीक, पण कितवा? चौथाच धरा. तो 22 ते 28 मध्येच येतो. तोवर महिन्याची सरकारी भरणी आणि विवरणपत्रं, म्हणजे 7 चा टीडीएस, 11 चा जीएसटीआर-1, 15 चा पीएफ-ईएसआय आणि 20 चा जीएसटीआर-3बी हातावेगळा झालेला असतो.

भोसरीकर
आतापर्यंत पहिल्या गुरुवारी घेत होतो. पगाराचे दिवस. हे लक्षातच आलं नाही.
त्या तिघांना फोन केले. दोघं वेगळ्या गटाला तयार आहेत. तिसरा म्हणतो बैठकीची जागा माझ्या कारखान्यात आहे, मी राहणारच. त्याला काय सांगू?

अनघा_पॅकेजिंग
तोच राहू दे. मशिनिंगचा एक हवाच आहे, आणि त्या तिघांतले बाकीचे दोघं स्वतःहून बाजूला झालेत. उरलेल्या दोन मशिनिंगवाल्यांनाही त्याच वेगळ्या गटात घाला. फक्त बैठक त्याच्याकडून हलवा. शेजारी त्याचा सुपरवायझर आत-बाहेर करत असेल तर गुप्ततेच्या सह्यांना अर्थ नाही. वर्गणीतून तीन तासांची खोली भाड्याने घ्या. या गुरुवारची बैठक रद्द करून चौथ्या गुरुवारी आठ जणांनी नव्याने बसा.

जुना_जॉबवर्कर
त्या 70 टक्केवाल्याची उद्यम नोंदणी आहे का?

ताळेबंद
उदाहरण होतं हो ते.