बंद फ्लॅटला स्वस्त वीज, दिवा गावच्या खोलीला महाग: सरकारने दरात हात घालावाच का?

घोडबंदरकर
खारघरला माझा एक फ्लॅट आहे. भाडेकरू गेल्यापासून कुलूपच आहे. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतो, पंखा लावून तासभर बसतो. बिलावर कधी सात युनिट, कधी नऊ. हे सात-नऊ युनिट मला महावितरणच्या घरगुती दरपत्रकातल्या सगळ्यात स्वस्त टप्प्यात मिळतात. का? तर ० ते १०० युनिट म्हणजे गरीब, असं दरपत्रक धरून चालतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई ठाण्याजवळ दिव्याला राहतात. चार खोल्यांना मिळून एक मीटर. मालक प्रत्येक खोलीचा सबमीटर बघतो आणि युनिटला १३ रुपये घेतो. सरळ सरळ लूट.

२०२४-२५ च्या दरपत्रकाने हिशोब मांडतो. पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे तारांतून वीज आणून देण्याचे पैसे. खोलीमागे ९० युनिट धरा. चौघांचे चार मीटर असते तर सगळ्यांचं मिळून २,११७ रुपये. एकाच मीटरवर ३६० युनिट पडली की ३,८२३.

म्हणून माझं म्हणणं: हे टप्पे काढून टाका. विजेला जो खर्च येतो तोच दर सगळ्यांना लावा आणि ज्याला मदत द्यायची त्याच्या बँक खात्यात थेट पैसे टाका. दर हे मदत वाटायचं साधन नव्हे.

वागळेचा लेथवाला
एकशे एक टक्के बरोबर, फक्त शेवटचं वाक्य सोडून. खात्यात तरी कशाला? आमच्या शेडचं बिल बघा एकदा. घरगुती आणि शेतीपंपाचा दर खाली ठेवायचा म्हणून तो भार कारखान्यावर आणि दुकानावर. माझ्या शेजारचे दोघे मशिनं उचलून सिल्वासाला गेले. मोठ्या कंपन्या स्वतःचं सोलर लावतात, बाहेरून वीज घेतात. उरतो कोण? माझ्यासारखा, ज्याच्याकडे पत्र्याची शेड आणि सहा कामगार आहेत. मोठं गिऱ्हाईक गेलं की त्याचा भार परत माझ्याच डोक्यावर.

नेरूळची गृहिणी
"थेट खात्यात" हे शब्द ऐकले की मला सिलिंडर आठवतो. आधी सांगितलं, पूर्ण पैसे भरून सिलिंडर घ्या, अनुदान खात्यात येईल. २०१५ पासून येतही होतं. मग "परवडत असेल तर सोडा" आलं, आम्ही सोडलं नाही. आणि २०२० च्या मे-जूनपासून जमा व्हायचं बंदच झालं. कोणी मोर्चा काढला? कोणाला कळलं तरी का? मला तर पासबुक भरून आणलं तेव्हा समजलं. नंतर उज्ज्वलावाल्यांना मिळू लागलं, बाकीच्यांना काही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये किंमतच २०० रुपयांनी उतरवली, २०२४ च्या महिला दिनाला आणखी १००, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ५० परत चढवले.

दर वाढला तर बातमी होते. खात्यातलं अनुदान आटलं तर गुपचूप आटतं. म्हणून मला दरातच सवलत हवी. ती काढायला त्यांना निदान चारचौघांत यावं लागतं.

घोडबंदरकर
@नेरूळची गृहिणी, हा मुद्दा टोचला. उत्तर लगेच नाही माझ्याकडे.

जुना वायरमन
वीज मंडळात होतो. २००५ ला मंडळाचे तुकडे झाले तेव्हा महावितरणकडे आलो, आता निवृत्त आहे. तीन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक. दर सरकार ठरवत नाही, राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. पहिल्या टप्प्याची स्वस्ताई म्हणजे सरकारने तिजोरीतून दिलेले पैसे नव्हेत, ते दुसऱ्या ग्राहकाच्या बिलातून आलेले आहेत. लेथवाले बरोबर बोलले. सरकारला खरोखर कोणाला सूट द्यायची असेल तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६५ आहे: ती रक्कम सरकारने आगाऊ भरायची. शेतीपंपाला ७.५ अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून मोफत वीज आहे, तिचा बोजा याच वाटेने तिजोरीवर. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नका. सरकारने नुसतं जाहीर करून काय होतं ते आम्ही २००४ ला पाहिलं. निवडणुकीआधी शेतीपंपाचं बिल माफ, २००५ ला पुन्हा चालू. मधल्या काळात लोकांची भरायची सवय गेली आणि शिव्या वायरमनने खाल्ल्या.

दोन. दिव्याचा मालक. घोडबंदरकर, तुमच्या ३,८२३ मध्ये स्थिर आकाराचे, म्हणजे मीटरमागे दरमहा ठरलेले, सुमारे १३० मिळवा आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लावा. ४,५८० च्या पुढे जातं. इंधनाचा खर्च वाढला की लागणारं इंधन समायोजन वेगळंच. मालक गोळा करतो ३६० गुणिले १३, म्हणजे ४,६८०. शंभर रुपयांत कसली लूट? जिन्याचा दिवा आणि पंप त्यातच चालतो. तुम्ही मालकाला चोर म्हणालात, मला तो हिशोब नीट ठेवणारा माणूस वाटतो. पैसे मालक खात नाही, टप्पा खातो.

तीन. चार मीटर घेतले तर स्थिर आकार चारदा बसतो. तरी शुल्कासकट साधारण ३,०६० होतात. म्हणजे खोलीमागे महिन्याला पावणेचारशेच्या वर वाचतात.

लेकसिटी लिमये नव्हे
मी ऐकलं होतं की १०१ वं युनिट जळलं की सगळी युनिटं महाग होतात. म्हणून आमच्याकडे महिनाअखेरीला गिझर बंद असतो. 🙂

जुना वायरमन
@लेकसिटी, नाही हो. वरच्या युनिटांनाच वरचा दर. आंघोळ करा.

वागळेचा लेथवाला
दिवा-मुंब्रा-कळव्याला २०२० पासून खासगी कंपनी आहे ना? मग तिथे बाजारभाव का नाही? करा स्पर्धा.

जुना वायरमन
ती फ्रँचायझी आहे. भिवंडीला २००७ पासून आहे तशीच. तारा, बिल, वसुली त्यांच्याकडे, दर मात्र आयोगाचाच. वाशीत जो दर तोच दिव्यात.

ऐरोली–दादर–ऐरोली
बहीण दादरला, बेस्टची वीज. तिथल्या विजेच्या बिलातून कित्येक वर्षं बसचा तोटा भरून काढत होते. म्हणजे घरात दिवा लावणारा माणूस बसमधल्या माणसाचं तिकीट भरत होता. गंमत अशी की बहिणीला त्याचं काही वाटायचं नाही, कारण ती रोज त्याच बसने जायची. आडवी मदत तेव्हाच खुपते जेव्हा घेणारा आपल्याला दिसत नाही. लेथवाल्यांना दिव्याची खोली दिसत नाही आणि मला त्यांची शेड.

वागळेचा लेथवाला
शेड दाखवतो, या. चहा माझा. बिल तुम्ही भरा.

पाचपाखाडी सोसायटी (सेक्रेटरी)
मुद्दा थोडा वेगळा. सरकारने दर सोडून छपरावर खर्च करावा असं म्हणणारा गट आमच्या सोसायटीत मोठा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत बंगलेवाल्याला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्याने उतरतं हे खरं. पण गच्ची कोणाची यावरून आमच्या दोन वार्षिक सभा वाया गेल्या, वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची भीती. आणि ज्याला गच्चीच नाही, त्या दिव्याच्या खोलीला यातलं काय मिळणार? सरकारी पैसा शेवटी छप्परवाल्याच्याच घरी.

घोडबंदरकर
मालकाबद्दलचे शब्द मागे घेतो. पण मूळ मुद्दा त्याने पक्काच होतो. युनिट मोजून गरिबी मोजता येत नाही. माझं कुलूप गरीब आणि पाच माणसांची खोली श्रीमंत ठरते. दारिद्र्यरेषेखालच्यांचा वेगळा वर्ग आहे म्हणाल, तर त्याला वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा. महिन्याला ३०. एक फ्रिज लावला की संपलं.

नेरूळची गृहिणी
मग बंद घराला स्वस्त टप्पा देऊ नका. त्यासाठी सगळ्यांचा टप्पा कशाला मोडायचा? माझ्याकडे चार माणसं, महिन्याला दीडशेच्या आसपास. तुमचा एकच दर आला तर माझं बिल वाढणार आणि मदतीच्या यादीत माझं नाव नसणार, कारण नवऱ्याला पगाराची स्लिप आहे. याद्या कोण करतं आणि कशा करतं ते शिधापत्रिकेच्या रांगेत उभं राहून बघा.

घोडबंदरकर
बंद घर ओळखायचं कसं? एकटी राहणारी म्हातारी पण वीस युनिटंच वापरते.

नेरूळची गृहिणी
तिला मिळू दे की. तुमच्या सात युनिटांवर सरकार बुडत नाही.

दिवा पूर्व, खोली क्र. ३
माझ्या मोबाइलवर हा धागा एका मॅडमनी पाठवला. आमच्याकडेही असाच एक मीटर आहे, पाच खोल्यांना. राहणाऱ्यालाही कनेक्शन मागता येतं असं ऐकलंय, खरं का?

जुना वायरमन
खरं आहे. कायद्याच्या कलम ४३ मध्ये "मालक किंवा रहिवासी" असंच आहे. भाडेकरारासह अर्ज करा. संमतीपत्र मागतील, बांधकामाचे कागद मागतील, तिथेच बहुतेक अडतं. मालकाला आधी हिशोब दाखवा. त्यालाही कटकट कमी होते.

दिवा पूर्व, खोली क्र. ३
दाखवला. मालक म्हणाला, पाच मीटर लावायला भिंत कुठे आहे? जिन्याखाली त्याच्या पुतण्याचं पानाचं दुकान आहे.