डच भाषेतील लघुत्वदर्शक शब्दांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी आइंडहोव्हन येथे राहून डच शिकत आहे आणि लघुत्वदर्शक रूपांपाशी (वस्तू लहान असल्याचे दाखवणाऱ्या शब्दरूपांपाशी) अडलो आहे. मूळ प्रत्यय ‘ये’. शब्दाच्या शेवटच्या ध्वनीनुसार त्याची रूपे बदलतात, म्हणजे ‘बोम’ (झाड) चे ‘बोम्प्ये’ आणि ‘स्टूल’ (खुर्ची) चे ‘स्टूल्च्ये’ होते. मूळ नाम ‘ड’ हे उपपद (इंग्रजी ‘the’ सारखे) घेणाऱ्या गटातील असले तरी लघुरूप नेहमी नपुंसकलिंगी होऊन ‘हेट’ हे नपुंसकलिंगी उपपद घेते, हे मला फार आवडले. आपल्याकडे डबा लहान झाला की स्त्रीलिंगी डबी होते. तिथे मात्र सगळेच ‘ते’!

माझी खरी अडचण स्वरांची आहे. ‘ख्लस’ (पेला) चे लघुरूप ‘ख्लाश्ये’ होते, त्यात स्वर दीर्घ होतो. अनेकवचन ‘ख्लाझन’ असल्यामुळे, अनेकवचनात स्वर दीर्घ होत असेल तर लघुरूपातही तो होत असावा, असा नियम मी मनाशी बांधला होता. परंतु ‘दख’ (दिवस) चे अनेकवचन ‘दाखन’ असूनही लघुरूप ‘दख्ये’ असे ऱ्हस्वच राहते. मग दीर्घ होणारे शब्द एकेक करून पाठच करावे लागतात का?

दुसरे असे की ‘कोनिंग’ (राजा) चे ‘कोनिंक्ये’ होते, पण ‘वांडलिंग’ (फेरफटका) चे ‘वांडलिंगेच्ये’. हा फरक शब्दातील आघाताच्या जागेमुळे पडतो का? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह समजावून सांगावे.