दिरांना नेमकी कामं द्या

ताई, सासूबाईंना केमोसाठी तासगावहून मिरजेला तुम्हीच नेता, दीर पुण्याहून फोनवर नुसते सल्ले देतात आणि तुम्हाला रात्री धडधडून जाग येते, हे तुमच्या पत्रात वाचून जीव कळवळला. यात तुमचा कमकुवतपणा नाही. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. त्यात पेशंटजवळ असताना राग येतो का, असाही प्रश्न आहे. म्हणजे असा राग अनेकांना येतो.

दिरांना ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका. पुढच्या केमोला रजा काढून यावं, उपचारखर्चाच्या योजनेची कागदपत्रं बघावीत, नातेवाइकांचे फोन त्यांनीच घ्यावेत. केमोनंतर आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, संसर्ग पटकन होऊ शकतो, तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघही त्यांनीच थांबवावी. वाईटपणा त्यांच्याकडे जाऊ दे! आणि हे बोलणं तुमच्या यजमानांनी करावं. सून बोलली की विषय भलतीकडेच जातो.

धडधड रोजची झाली असेल तर सासूबाईंच्या डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आज रात्रीच लावा.