जिप्सम बोर्डाचे कोपरे: कॉर्नरची थापी घेऊ की साधा पत्रा पुरेल?

धायरीकरीण

हॉलमधून मुलीच्या अभ्यासाची खोली वेगळी काढतेय. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांची) फ्रेम, दोन्ही बाजूंनी १२.५ मिमीचे जिप्सम बोर्ड. बोर्ड ठोकून झाले आणि कारागीर गावी गेला. आता फोन उचलत नाही, म्हणून उरलेलं मीच करायचं म्हणते. पार्टिशन एल आकाराचं आहे. म्हणजे बाहेरचा एक कोपरा, त्याचाच आतला एक आणि दोन ठिकाणी बोर्ड जुन्या भिंतीला भिडतो. वर स्लॅब.

ऑनलाइन एक व्ही आकाराची स्टीलची थापी दिसते. एकाच फटक्यात कोपऱ्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत होतात म्हणे. घ्यावी का? घरात चार इंची पत्रा (पुट्टी ओढायची पातळ पाती) आहे आणि वॉल पुट्टीची अर्धी गोणी उरलीय, तीच भरली तर चालेल का?

पेठेतला

ताई, पुट्टीच भरा. आमच्या ऑफिसात तशीच भरली होती. दिवाळीपर्यंत टिकली, मग प्रत्येक सांध्यावर केसासारखी रेघ. ती थापी घेऊ नका एवढं मीही सांगेन, कारण मग ती कुठे ठेवायची हा प्रश्न येतो.

जुना ठेकेदार

पेठेतल्यांचा टोमणा बाजूला ठेवा, पण पुट्टीचं ते बरोबर बोलले. व्हाइट सिमेंटची पुट्टी प्लास्टरवर पातळ ओढायला असते. बोर्डाचा सांधा हलतो, ती हलत नाही. सांध्याला जॉइंटिंग कंपाउंडच, म्हणजे बोर्डाचे सांधे भरायचा लगदाच लागतो, आणि नुसतं कंपाउंडही नाही, त्याखाली कागदी टेप हवी. उरलेली गोणी जिन्याच्या भिंतीला वापरा.

आता थापी. कंपनीच्या चांगल्या थापीचा कोन नव्वदपेक्षा थोडा उघडा ठेवलेला असतो, दाबल्यावर तो काटकोनात बसावा म्हणून. ज्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना नवा बोर्ड आहे तिथे टेप बसवताना ती कामाची. पण तुमच्याकडे असा आतला कोपरा एकच. बाकीच्या दोन ठिकाणी एक बाजू विटांच्या भिंतीची, आणि आपल्याकडचं प्लास्टर गुण्यात, म्हणजे काटकोनात, सापडलं तर मला फोटो पाठवा. तिथे ती थापी एका बाजूला खोल रुतते, दुसऱ्या बाजूला वर तरंगते. शिवाय दोन्ही बाजू एकदम ओल्या, म्हणजे एक सुधारायला गेलात की दुसरी बिघडते, आणि थापीच्या बाहेरच्या कडांनी दोन रेघा उठतात त्या वेगळ्याच. एका खोलीसाठी नका घेऊ.

त्या पैशात सहा इंची आणि दहा इंची पत्रा घ्या. चार इंची आहेच. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील, फक्त गाडी आत नेऊ नका. दुकानातच पत्रा हातात घेऊन वाकवून बघा. बोटाने दाबल्यावर सगळीकडे सारखा वाकला पाहिजे आणि सोडल्यावर सरळ झाला पाहिजे. धार उजेडाकडे धरून पाहा, मध्ये खड्डा असेल तर परत ठेवा. स्टेनलेसचा गंजत नाही, पण साध्या पोलादाचा माझ्या हाताला जास्त बरा लागतो, रात्री पुसून ठेवायची तयारी असेल तर. नव्या पत्र्याची दोन्ही टोकं टोकदार असतात आणि कोपऱ्यात ओली टेप कापतात. पॉलिश पेपरवर घासून ती किंचित गोल करून घ्या. हे कुणी सांगत नाही.

आतला कोपरा असा करा. आधी दोन्ही बाजूंना कंपाउंडचा पातळ थर. टेपला मधोमध घडीची रेघ असतेच, तिच्यावर दुमडून कोपऱ्यात बसवा. मग चार इंची पत्र्याने मधून वर आणि मधून खाली दाबत न्या, जास्तीचं कंपाउंड कडेने बाहेर आलं पाहिजे. टेपेखाली माल कमी पडला की नंतर फोड येतात, आणि माल तसाच राहिला की जाड पट्टी दिसते. वाळू द्या. मग सहा इंची पत्र्याने एकाच बाजूला हात मारा. ती बाजू वाळल्यावर दुसरी. वाळलेल्या बाजूवर पत्र्याचं टोक टेकवून ओली बाजू ओढता येते, सगळी मेख तीच. वेळ जातो खरा. जुलैत तर कंपाउंड दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं, तेव्हा घाई करू नका.

बाहेरच्या कोपऱ्याला टेप नाही, जीआयची भोकाची कॉर्नर पट्टी लावा. ती पट्टी टिन कापायच्या कात्रीने कापा, आणि खाली फरशीपासून साधारण एक सेंटीमीटर वर ठेवा, फरशी पुसायचं पाणी चढत नाही. ती फट स्कर्टिंगमागे जाते. ओळंब्यात धरून वीतभर अंतरावर दोन्ही बाजूंनी खिळे मारा. पट्टीची नाकाडी, म्हणजे कोपऱ्यावरची उठलेली कड, बोर्डापेक्षा किंचित वर राहते, म्हणून पत्र्याचं एक टोक नाकाडीवर आणि दुसरं बोर्डावर टेकवून ओढलं की मधली जागा आपोआप सपाट भरते. पहिला हात सहा इंचीने, शेवटचा दहा इंचीने. हे काम आतल्या कोपऱ्यापेक्षा सोपं आहे, आधी इथूनच हात बसवा.

हौशी रंगारी

काका, कागदी टेपची कटकट कशाला? जाळीची चिकट टेप लावायची, वरून कंपाउंड. मी सगळीकडे तीच वापरतो.

जुना ठेकेदार

सपाट सांध्यावर वापरा, माझी हरकत नाही, फक्त वर पाण्यात कालवून घट्ट होणारं कंपाउंड घ्या, बादलीतलं तयार नको. कोपऱ्यात मात्र जाळीला घडी नसते. ती कोपऱ्यात गोल बसते आणि पत्रा फिरला की धागे तुटतात.

धायरीकरीण

काका, खूप आभार. जुन्या भिंतीवर डिस्टेंपर आहे. त्यावर टेप धरेल का? आणि घरात कालवलेलं कंपाउंड दहा मिनिटांत दगड झालं, गोणीवर तर जास्त वेळ लिहिलाय.

जुना ठेकेदार

बादली धुतली होती का? आधीच्या घाण्याचे वाळलेले कण राहिले की नवा घाणा लवकर आवळतो, जिप्समचा स्वभावच तो. दर वेळी बादली आणि पत्रा धुवा, आधी पाणी आणि मग पावडर, आणि लागेल तेवढंच कालवा. आवळू लागलं की वर पाणी ओतून पुन्हा फिरवू नका, फेकून द्या.

डिस्टेंपरवर हात फिरवून बघा. पांढरा लागला तर टेप डिस्टेंपरला चिकटेल, भिंतीला नाही. तेवढी पट्टी प्लास्टरपर्यंत खरवडा, पुसा, प्रायमर द्या, मग टेप. भिडणीवर आणि स्लॅबखाली मी मात्र टेप लावतच नाही. बोर्ड, वीट आणि काँक्रीट उन्हाळ्यात वेगवेगळं हलतात. तीन-चार मिलिमीटरची फट मोकळी करून ॲक्रिलिक सीलंट भरतो. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.

घासायला स्पंजचा पॉलिश ब्लॉक, १५० नंबर, त्यानंतर २२०. फक्त कंपाउंड घासा, बोर्डाचा कागद नको, त्याला लव उठली की रंगाखाली दिसते. घासताना टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. नाकाला मास्क लावा, आणि मुलीच्या पुस्तकांवर जुनी चादर टाका.