मदत हवी आहे: हाँगकाँगमध्ये एकच दिवस, व्हिक्टोरिया पीक डोंगरावर कसं जायचं?

घाईतली_मी
शनिवारी सकाळी सातला उतरतोय, पुढचं विमान रात्री अकराला. वाचून वाचून डोकं भणभणलंय. व्हिक्टोरिया पीकला ट्रामने जावं की बसने? आणि तो डोंगर चढणारा सरकता जिना कुठून सुरू होतो? आज रात्री सगळं ठरवायचंय, प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा
ट्रामच! १८८८ पासून चालू आहे. दोराने ओढतात, आणि चढताना बाजूचे टॉवर कलल्यासारखे दिसतात. ते बसमधून नाही दिसायचं.

बंदरकाठ
शनिवारी? गार्डन रोडला ट्रामच्या रांगेत माझा सव्वा तास गेला होता. सेंट्रल भागातून १५ नंबरची डबलडेकर बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढे बसा. वळणावळणाने चढते.

सह्यकडा
सकाळी लवकर गेलं तर रांग नसते हो. बस काय, महाबळेश्वरलाही जाते.

मेथीची_जुडी
किती जण आहात? सामान हातात असणार का? पासपोर्ट भारतीय असेल तर आगाऊ नोंदणी केलीत का?

घाईतली_मी
मी, मुलगा (९) आणि आई. सामान थेट पुढच्या विमानात जातंय. पासपोर्ट भारतीयच, पण व्हिसा लागत नाही ना? कसली नोंदणी?

मेथीची_जुडी
व्हिसा नाही, पण विमानतळाबाहेर पडायचं तर ही लागतेच. मुलाचीही वेगळी. हाँगकाँग इमिग्रेशनच्या साइटवर फुकट होते, उत्तर बहुधा लगेच येतं. छापून जवळ ठेवा. आधी हे उरका, ट्राम-बस नंतर.

भटक्या_७६
त्यापेक्षा मकाऊ करा. समुद्रावरच्या पुलावरून बस जाते. पोर्तुगीजांची जुनी चर्च, अगदी आपलं पणजी-जुनं गोवं आठवतं.

बंदरकाठ
एका दिवसात दोनदा इमिग्रेशनच्या रांगा? नका करू.

घाईतली_मी
तिघांची नोंदणी झाली, खूप आभार मेथी! मकाऊ नको. जिन्याचं कुणी सांगेल का? मार्चमध्ये आईचा गुडघा बदललाय, म्हणून तर विचारतेय.

मेथीची_जुडी
अगं, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचंस! जिना ८०० मीटरचा, पण सलग नाही, मध्ये रस्ते ओलांडावे लागतात. शिवाय एका वेळी एकाच दिशेने चालतो: सकाळी ६ ते १० खाली, १० नंतर वर. म्हणजे दहानंतर चढणं सोपं, उतरायला मात्र पायऱ्या, आणि गुडघ्याला खरा त्रास उतरतानाच. माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं. सेंट्रल मार्केटपासून चढा, हॉलीवूड रोडला बाहेर पडा, मान मो मंदिर बघा आणि तिथून टॅक्सी. मंदिराशेजारच्या लॅडर स्ट्रीटला अजिबात उतरू नका, नुसत्या दगडी पायऱ्या आहेत.

सह्यकडा
गुडघ्याचं माहीत नव्हतं. रांगेत उभं राहणं नकोच, बसच घ्या. वर लुगार्ड रोडची वाट जवळपास सपाट आहे, थोडं चाललं तरी खाली सगळं बंदर दिसतं, तेही फुकट.

चकलीवाला
आई शाकाहारी असतील तर स्टार फेरीच्या बोटीने बंदरापलीकडे चिम शा चुईला जा, चुंगकिंग मॅन्शन्स इमारतीत भारतीय जेवण मिळतं. आणि रात्री आठचा दिव्यांचा खेळ चुकवू नका.

बंदरकाठ
अकराचं विमान आहे त्यांचं! आठपर्यंत विमानतळावर हवं. हाँगकाँग स्टेशनहून एअरपोर्ट एक्सप्रेसला २४ मिनिटं लागतात, सातला निघा.

घाईतली_मी
बस ठरली, जिना दहानंतर, दिवे राहू देत. मुलाला ऑक्टोपस कार्ड (बस-ट्रेनच्या भाड्याचं) वेगळं लागतं का?

मेथीची_जुडी
हो. ३ ते ११ वर्षांसाठी मुलांचं वेगळं मिळतं. विमानतळावरच घे.