फेब्रुवारीतले ‘दिन’ खरंच माथी मारलेले आहेत का?

मृगजळ:
‘जुना वाचक’ यांनी काल लिहिलं की फेब्रुवारीत एक तारीख मोकळी उरलेली नाही. ४ ला कर्करोग, १३ ला रेडिओ, २० ला सामाजिक न्याय. त्यांच्या मते हे सगळे समितीत बसून ठरवलेले दिन, ते बंदच करावेत; आणि खरे सण ते, जे थंडीला हाकलायला गावोगावच्या लोकांनी उभे केले. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

२१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन कुठल्या समितीत जन्मला? १९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी जमावबंदी मोडून विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुलांनी दोन दिवसांत स्मारक उभारलं, सरकारनं ते पाडलं, तरी लोक थांबले नाहीत. पहाटे अनवाणी, हातात फुलं घेऊन शहीद मिनार या हुतात्म्यांच्या स्मारकावर जायची प्रथा तिथूनच पडली. हा दिन ठरवणारा युनेस्कोचा ठराव १९९९ चा! तोवर लोकांनी सत्तेचाळीस वर्षं तो दिवस आपल्या बळावर पाळला होता.

जुना वाचक:
ढाक्याचं मान्य. पण तो अपवाद आहे. हंगेरीत मोहाचला बुशो, म्हणजे सोंगं घेतलेली माणसं, निघतात तेव्हा अंगावर मेंढीची कातडी, तोंडाला लाकडी मुखवटे, हातात मोठमोठ्या करकऱ्या. शेवटी हिवाळ्याची शवपेटी जाळतात. बल्गेरियात १ मार्चला मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि करकोचा किंवा मोहरलेलं झाड दिसेपर्यंत सोडत नाहीत. याला भित्तीपत्रक लागत नाही.

माझा राग कुठून आलाय तेही सांगतो. आमच्या कार्यालयात कर्करोग दिनाला फिती वाटल्या, सगळ्यांना उभं करून फोटो काढले. माझी सहकारी केमोसाठी रजा मागायला गेली तर तिची रजा बिनपगारी केली. फीत लावून हसणारी माणसं आणि तिचा अर्ज परत करणारी माणसं तीच होती.

तिसरी घंटा:
तुमचे बुशो २००९ पासून युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहेत आणि तो दोरा २०१७ पासून. यादीत गेल्यामुळे ते खोटे झाले का? मग दिनांनाच वेगळा न्याय का?

दुसरं, ‘थंडी हाकलायला’ हे अर्ध्या जगापुरतं झालं. रिओचा कार्निव्हल भर उन्हाळ्यात होतो. त्याची तारीख ईस्टरवरून ठरते, हवेवरून नाही.

पायवाट:
दिनांचा मुद्दा निघालाच आहे तर बोलतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला महिना दिला तोही वर्षातला सगळ्यात लहान. सरकारनं दिलेल्या गोष्टी अशाच असतात.

मृगजळ:
सरकारनं दिला नाही हो! हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. कार्टर वूडसन या कृष्णवर्णीय इतिहासकारानं १९२६ साली या इतिहासाचा आठवडा सुरू केला. गुलामी संपवणारे राष्ट्राध्यक्ष लिंकन १२ फेब्रुवारीचे, गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस १४ चे, आणि ते वाढदिवस लोक आधीपासून साजरे करत होते. डग्लस गुलामीत जन्मले, त्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. १४ फेब्रुवारी त्यांनी स्वतः निवडली. ज्याला तारीखच नाकारली गेली, त्यानं निवडलेल्या तारखेला तुम्ही सरकारी भीक म्हणताय.

पायवाट:
भीक हा शब्द माझ्या तोंडी घालू नका. आणि मी तिथल्या शाळेत शिकवलंय, तुम्ही नाही. फेब्रुवारी आला की भिंतीवर तेच चार चेहरे, तेच एक भाषण. १ मार्चला सगळं खाली. एका मुलीनं मला विचारलं, “आता आमचं संपलं का?” याचं उत्तर द्या.

मृगजळ:
उत्तर हेच, की दोष तुमच्या शाळेचा. आठवड्याचा महिना करायला १९७० साली केंट स्टेट विद्यापीठातले विद्यार्थी पुढे झाले, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मान्यता १९७६ ची.

पायवाट:
शाळेवर ढकलणं सोपं आहे. वर्गात उभं राहा, मग बोला. वूडसन मोठेच, पण महिना ठरला की उरलेल्या अकरा महिन्यांची सूट मिळते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्रिटननं ऑक्टोबर निवडला, म्हणून काय मोठं वेगळं घडलं?

तिसरी घंटा:
दोघंही जरा मुद्द्यावर या.

सावली:
मी एरवी लिहीत नाही. माझ्या भावाला दुर्मीळ आजार आहे. डॉक्टर बदलत गेलो, ‘मनाचे खेळ’ असं ऐकत आलो. नाव कळलं तेही डॉक्टरांकडून नाही. दुर्मीळ आजार दिनानिमित्त एका आईनं मुलाच्या बोटांचे वाकलेले सांधे वर्णन करून लिहिले होते. हुबेहूब माझ्या भावाची बोटं. तो दिवस युरोपातल्या रुग्णसंघटनांनी २००८ साली सुरू केला, मुद्दाम २९ तारखेला, कारण तीही दुर्मीळ. एरवी २८ ला पाळतात. ‘जुना वाचक’, तुमच्या सहकारीबद्दल वाईट वाटलं. पण तुम्ही म्हणता तसे सगळे दिन बंद झाले असते तर ते लिखाण आमच्यापर्यंत पोचलं नसतं.

जुना वाचक:
तुमच्याशी वाद घालणार नाही. ढाका मान्य, वूडसन मान्य, रुग्णांनी स्वतः काढलेला दिवसही मान्य, नाइलाजानं का होईना. कार्यालयातली फीत मात्र मान्य नाही आणि होणारही नाही. ज्याला ४ फेब्रुवारी साजरा करायचाय त्यानं आधी उपचारांची पगारी रजा नियमात घालावी, मग फोटो काढावेत.

पायवाट:
आणि त्या मुलीला काय सांगायचं, ते अजून कुणीच बोललेलं नाही.