मदत हवी आहे: टेनासिन-सीमुळे टीएनएफ वाढतोय की एंडोटॉक्सिनमुळे?

महापे_बेंच
महापे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये न भरणाऱ्या जखमांवर काम चालू आहे. टेनासिन-सी हे पेशींबाहेरच्या जाळ्यातलं प्रथिन जखमेच्या कडेला काही काळ दिसतं आणि जखम भरत आली की ओसरतं. जुनाट जखमेत मात्र रेंगाळतं. ते मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) चेतवतं का, हे तपासतोय. टीएचपी-१ पेशी (मानवी मोनोसाइटची पेशीमालिका), त्यांना मॅक्रोफेज बनवायला पीएमए हे रसायन ५० नॅनोग्रॅम/मिली ४८ तास, मग २४ तास साधा मीडिया. कोटिंग: ९६ वेल (खळगे) असलेली प्लेट, १० मायक्रोग्रॅम/मिलीचे ५० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. टेनासिनचा एफबीजी तुकडा (त्याच्या टोकाचा भाग) ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवलेला आहे. तुलनेसाठी घेतलेल्या फायब्रोनेक्टिन प्रथिनापेक्षा त्याच्यावर टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) बराच जास्त येतो आणि टीएलआर४ या रिसेप्टरच्या ब्लॉकरने उतरतो. एवढ्यावर निष्कर्ष काढावा का?

नेरूळ_पेशी
नका काढू. एफबीजी टीएलआर४ मार्गेच काम करतो आणि एलपीएसही (जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन), म्हणजे ब्लॉकर दोन्ही थांबवणार. त्यातून काहीच वेगळं कळत नाही. ई. कोलायचं प्रथिन असेल तर एलपीएस आलंच समजा.

आधी प्रथिन १५ मिनिटं उकळा. प्रथिनाचा परिणाम जायला हवा. एलपीएस उकळून जात नाही. उकळूनही टीएनएफ तेवढाच आला, तर दोष एलपीएसचा. दुसऱ्या वेलमध्ये पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं औषध), पण सोबत मुद्दाम १ नॅनोग्रॅम/मिली एलपीएस टाकलेली एक वेल हवीच, नाहीतर पॉलिमिक्सिन चाललं की नाही हे कसं कळणार? एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) प्रथिनाच्या स्टॉकची करा, शिवाय पीबीएस बफर आणि बीएसए या ब्लॉकिंगच्या प्रथिनाचीही करा. स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या एंडोटॉक्सिनपैकी किती मोजलं गेलं) ५० ते २०० टक्क्यांत नसेल तर तो आकडा धरू नका.

महापे_बेंच
पॉलिमिक्सिनने टीएनएफ निम्म्यावर आला. पीबीएस लॅबच्याच आरओ पाण्यात करून ऑटोक्लेव्ह केलंय.

ठाणे_मॅट्रिक्स
मग पाण्यापासूनच सुरुवात करा. टाकीत साठलेल्या आरओ पाण्यात जिवाणूंचा थर धरतो. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन शिल्लक राहतं. ते घालवायला काचेला २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडी उष्णता लागते. तयार, एंडोटॉक्सिनमुक्त पाणी विकत घ्या.

कोटिंगबद्दल दोन गोष्टी. फायब्रोनेक्टिन ३७ अंशांवर न हलवता विरघळवा, व्हॉर्टेक्स केलं की धागे सुटून गोळा होतो आणि मग वेलवेलमध्ये फरक पडतो. तुमच्या मापाने ०.३२ चौरस सेंमीच्या वेलमध्ये ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण १.५ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमी बसतं. ते ठीक आहे, फक्त वेल कोरडी पडू देऊ नका. नंतर कमी एंडोटॉक्सिनच्या १ टक्का बीएसएने ३० मिनिटं ब्लॉक करा. नाहीतर मीडियातल्या सिरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन उघड्या प्लास्टिकवर बसतं आणि ‘कोटिंग नसलेली’ वेल कोट होऊन जाते.

नेरूळ_पेशी
भर घालते: दोन्ही प्रथिनांवर पेशी सारख्या चिकटत नाहीत, तेव्हा टीएनएफला त्याच वेलच्या डीएनएने, म्हणजे पेशींच्या प्रमाणाने, भागा.

महापे_बेंच
डीएनए मोजलेलाच नव्हता. उकळलेलं प्रथिन, नवीन पाणी आणि डीएनए, तिन्ही घेऊन पुढची प्लेट लावतो. आकडे इथेच टाकेन.